एका पॅनमधला चिकन पास्ता आणि २६ सेंटीमीटरचे रुंद बूड

कामाच्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकाला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ देणे मला जमत नाही, आणि जेवणानंतर भांड्यांचा ढीग घासत उभे राहण्याचे त्राणही उरलेले नसते. म्हणून चिकन, पास्ता आणि क्रीमचा दाटसर सॉस हे सगळे एकाच पॅनमध्ये शिजवण्याचा पदार्थ आमच्या घरी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा होतो. पूर्वी तो मी उतरत्या कडांच्या, २४ सेंटीमीटरच्या नॉन-स्टिक पॅनमध्ये करत असे. आठ महिन्यांपूर्वी तो बाजूला ठेवून सरळ कडांचा, तीन थरांच्या स्टीलचा, २८ सेंटीमीटर व्यासाचा आणि ७ सेंटीमीटर खोलीचा पॅन झाकणासह घेतला. त्यात हा पदार्थ आजवर चाळीसेक वेळा तरी केला असेल. उत्पादकाचे नाव मी लिहीत नाही, कारण याच बांधणीचे पॅन अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः या बांधणीविषयी आहे.

पॅन घेताना बहुतेक जण काठापासून काठापर्यंतचे माप पाहतात, कारण खोक्यावर तेच छापलेले असते. या पदार्थासाठी ते माप फसवे आहे. माझ्या जुन्या पॅनचा काठ २४ सेंटीमीटरचा होता खरा, पण कडा आतल्या बाजूला उतरत्या असल्यामुळे त्याचे सपाट बूड जेमतेम १८ सेंटीमीटरचे, म्हणजे सुमारे २५५ चौरस सेंटीमीटरचे होते. नव्या पॅनच्या कडा जवळपास सरळ उभ्या असल्याने बूड २६ सेंटीमीटरचे, म्हणजे सुमारे ५३० चौरस सेंटीमीटरचे आहे. काठाच्या मापात चारच सेंटीमीटरचा फरक असला तरी शिजवण्याची जागा दुपटीहून अधिक झाली. ४५० ग्रॅम चिकनचे साधारण २० ग्रॅमचे तुकडे केले तर बावीस-तेवीस तुकडे होतात, आणि प्रत्येकाला चार बाय चार सेंटीमीटर जागा लागते. या पॅनमध्ये ते सगळे एका वेळी मावतात, शिवाय मधूनमधून वाफ निसटायला मोकळी जागाही राहते. जुन्या पॅनमध्ये तेच चिकन दोन खेपांत परतावे लागे. घाईने एकदम टाकले, तर त्याला पाणी सुटून ते परतले जाण्याऐवजी उकडले जाई आणि पांढरट, निस्तेज दिसे.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पॅनचे थर. आतला थर १८ टक्के क्रोमियम आणि १० टक्के निकेल असलेल्या स्टीलचा, मधला ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचा चुंबक चिकटेल अशा स्टीलचा आहे, त्यामुळे तो इंडक्शनच्या शेगडीवरही चालतो. स्टील टिकाऊ असले तरी उष्णता फार मंदगतीने वाहून नेते, आणि ॲल्युमिनियम ती स्टीलपेक्षा दहा पटींहून अधिक चांगली वाहून नेते. मधला थर बुडापासून थेट काठापर्यंत गेलेला असेल, तर कडेचे चिकनही मधल्या चिकनइतकेच रंगते. काही पॅनमध्ये ॲल्युमिनियमची चकती फक्त बुडाला चिकटवलेली असते. असा एक पॅन मी काही दिवस मागून आणून वापरला होता. त्यात चकती जिथे संपते तिथे, बरोबर बुडाच्या कडेने, सॉसचे एक करपलेले कडे तयार होई. क्रीमच्या पदार्थात करपट वास लपवता येत नाही. त्यामुळे काठापर्यंत गेलेले तीन थर ही इथे चैन नसून गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या पॅनला नॉन-स्टिकचा लेप नाही, आणि नेमके त्यामुळेच पदार्थाची चव बदलली. चिकन परतून काढल्यावर स्टीलच्या बुडाला तपकिरी खरवड धरते. जे जेवण एकाच भांड्यात होते, त्याची निम्मी चव या खरवडीत असते, कारण ती फेकली जात नाही. तिच्यावरच कांदा परतला जातो, तिच्यातच पाणी ओतले जाते आणि ते पाणी पास्ता पिऊन घेतो. प्रथिने आणि साखर यांच्यातील ज्या प्रक्रियेमुळे हा रंग आणि वास येतो, तिचे वर्णन लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तिला वेग येतो. ओल्या चिकनचा पृष्ठभाग मात्र पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर जातच नाही, म्हणून तुकडे कागदाने कोरडे करून मगच पॅनमध्ये टाकायला हवेत. नॉन-स्टिकमध्ये खरवड जवळजवळ धरतच नाही. शिवाय तो लेप २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतो, त्यामुळे रिकामा पॅन बिनधास्त तापवता येत नाही. जुन्या पॅनमधला माझा सॉस मऊ आणि दाट होत असे, पण त्याला खोली नव्हती. ती कमी मी वर्षानुवर्षे मसाले आणि चीज वाढवून भरून काढत होतो, हे हा पॅन आल्यावर लक्षात आले.

पहिल्या दोन संध्याकाळी मात्र नाकी नऊ आले. पॅन पुरता तापण्याआधीच तेल आणि चिकन टाकले, आणि तुकडे बुडाला असे धरून बसले की कालथ्याने सोडवताना त्यांचे पापुद्रे निघाले. पॅन परत करावा, असेही मनात आले. तिसऱ्या वेळी मी पाण्याच्या थेंबाची जुनी परीक्षा करून पाहिली. रिकामा पॅन मध्यम आचेवर तीनेक मिनिटे तापवायचा आणि त्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा. तो चुर्र करून जागेवरच आटला, तर पॅन अजून तापलेला नाही. तो मोत्यासारखा गोल होऊन इकडून तिकडे घरंगळू लागला, तर पॅन तयार आहे. खूप तापलेल्या धातूवर थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो. या परिणामाला ज्याचे नाव मिळाले, त्या योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने त्याविषयी १७५६ मध्ये लिहून ठेवले आहे. थेंब घरंगळला की आच थोडी कमी करायची, दीड चमचा तेल सोडायचे आणि लगेच तुकडे एकेक करून मांडायचे.

त्यानंतर तीन-चार मिनिटे हात आवरता आला पाहिजे. तुकडे सुरुवातीला चिकटतातच, पण खालून खरपूस कवच तयार झाले की आपणहून सुटतात. कालथ्याचे टोक खाली सरकवून हलकेच उचलून पाहावे आणि तुकडा विरोध करत असेल तर त्याला आणखी अर्धे मिनिट द्यावे. दोन्ही बाजूंनी रंग आला की मी चिकन ताटलीत काढतो. त्या वेळी ते आतून पूर्ण शिजलेले नसते आणि नसावेही, कारण शेवटी ते सॉसमध्ये परत जाणार असते. छातीचे मांस वापरत असाल, तर हे फारच महत्त्वाचे आहे. ते शेवटपर्यंत पॅनमध्ये ठेवले तर चोथ्यासारखे होते. मांडीचे बिनहाडाचे मांस बरेच सोशीक असते, आणि थकलेल्या संध्याकाळी मी तेच पसंत करतो.

पॅनमध्ये आता काय दिसते ते जवळून सांगतो. बुडाला गडद मधासारख्या रंगाचे ठिपके आणि पट्टे धरलेले असतात, त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ तवंग असतो, आणि वास भाजलेल्या कवचाचा येत असतो, करपलेला नाही. त्यात बारीक चिरलेला कांदा पडला की त्याला पाणी सुटते आणि दोन मिनिटांत तो खरवडीचा रंग स्वतःवर घेऊन तांबूस होऊ लागतो. मग ठेचलेला लसूण घालून अर्धे मिनिट परतायचे आणि आधणाचे पाणी किंवा गरम स्टॉक ओतायचा. त्या क्षणी वाफेचा लोट उठतो, आणि लाकडी कालथ्याची सपाट कड बुडावरून फिरवली की खरवड अक्षरशः पुसल्यासारखी निघून येते व पाणी क्षणात तपकिरी होते. कालथ्याखाली आधी खडबडीत लागणारे बूड दोन-तीन फेऱ्यांत गुळगुळीत होते. हातालाच कळते की आता काही उरलेले नाही. एवढी एक गोष्ट जमली की पुढचा पदार्थ सहसा बिघडत नाही. ठिपके काळे पडले असतील, तर मात्र मोह न धरता ते पुसून टाकावेत, कारण त्यांचा कडवटपणा क्रीममध्ये आणखी जाणवतो.

पास्ता वेळून पाणी टाकून देण्याची पद्धत इथे नसते, आणि म्हणून पाण्याचे माप चुकून चालत नाही. नेहमीच्या पद्धतीत १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी घेतात; इथे २५० ग्रॅम पेन्नेला मी ७५० मिलिलिटर घेतो. पास्ता शिजताना साधारण स्वतःच्या वजनाहून थोडे जास्त पाणी शोषतो, काही पाणी वाफ होऊन जाते आणि उरलेल्या पाण्यात पास्त्यातून सुटलेला स्टार्च एकवटतो. तोच सॉसला दाटपणा देतो, त्यामुळे मैदा लावावा लागत नाही. मिठाच्या बाबतीतही हात आखडता घ्यावा लागतो. वेळायच्या पाण्यातले मीठ पाण्याबरोबर निघून जाते, पण इथे घातलेला प्रत्येक कण ताटात येतो, आणि चिकनला लावलेले व चीजमधले मीठ वेगळेच. पहिली दोन मिनिटे पास्ता सतत हलवावा, कारण त्या वेळी त्याचा पृष्ठभाग सर्वांत चिकट असतो. नंतर दर दोन-तीन मिनिटांनी बुडापासून एकदा ढवळले तरी पुरते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोनेक मिनिटे जास्त धरावीत. पेन्ने, फुसिली असे आखूड प्रकार या पॅनच्या रुंदीत छान पसरतात. लांब स्पगेटी मी एकदाच करून पाहिली, तिचे अर्धे टोक बाहेर आणि अर्धे पाण्यात राहिले आणि पुढे गठ्ठे झाले.

इथेच पॅनची पहिली त्रुटी समोर येते. रुंद बुडाचा फायदा चिकन परतताना जेवढा होतो, तेवढाच त्याचा तोटा पास्ता शिजताना होतो, कारण मोठ्या पृष्ठभागावरून पाणी भराभर आटते. झाकण घट्ट बसले तर हा प्रश्न उरत नाही, पण या पॅनचे काचेचे झाकण काठावर नीट टेकत नाही. एका बाजूने बोटाच्या नखाएवढी फट राहते. सुरुवातीला ७५० मिलिलिटर पाणी दहाव्या मिनिटालाच संपत आले आणि पास्ता अजून कच्चट होता. कंपनीला कळवले तेव्हा झाकण बदलून मिळाले खरे, पण नव्या झाकणाचीही तीच तऱ्हा आहे, त्यामुळे हा दोष माझ्या एकट्याच्या नगाचा नसून घडणीचा असावा, असे मला वाटते. आता मी १०० मिलिलिटर गरम पाणी शेजारी तयार ठेवतो आणि लागेल तसे घालतो. चांगल्या किमतीच्या पॅनबरोबर नीट बसणारे झाकण मिळणे ही फार मोठी अपेक्षा नाही.

क्रीमच्या टप्प्यावर हा पॅन पुन्हा मनासारखा वागतो. पास्ता दाताखाली किंचित टणक लागत असताना मी आच मंद करतो, चिकन ताटलीत साठलेल्या रसासकट परत घालतो आणि तीन-चार मिनिटे सॉस रटरटू देतो. तो रस अर्धकच्च्या मांसाचा असल्याने त्यालाही उकळी लागणे आवश्यक आहे. जाड तुकड्याच्या मध्यभागी थर्मामीटर ७४ अंश दाखवू लागला की चिकन खाण्यास सुरक्षित असते. रंगावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे. त्यानंतर १२० मिलिलिटर क्रीम घालायचे. ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम उकळीतही सहसा फाटत नाही. २० टक्क्यांच्या आसपासचे पातळ क्रीम असेल, तर ते उकळी थांबल्यावरच घालावे आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर, अगदी शेवटी पिळावा. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की दुधातील प्रथिने गोळा होतात. चीजही गॅस बंद करूनच घालतो. खदखदत्या सॉसमध्ये टाकलेले चीज तंतूंचा गोळा होते आणि तेल वेगळे पडते. ॲल्युमिनियमच्या थरामुळे आच कमी करताच अर्ध्या मिनिटात पॅनमधली खदखद शांत होते. बिडाच्या पॅनमध्ये मी हाच पदार्थ केला आहे. त्यात खरवड उत्तम धरते, पण बीड उष्णता धरून ठेवते आणि गॅस बंद केल्यावरही सॉस बराच वेळ उकळत राहतो. चीजच्या दृष्टीने ते सोयीचे नाही.

दुसरी त्रुटी मुठीची आहे. झाकणासह पॅन सव्वादोन किलोंचा आहे आणि भरल्यावर त्यात दीड किलोची भर पडते. एवढे वजन एका लांब मुठीवर उचलताना मनगटावर ताण येतो, आणि समोरच्या बाजूला आधाराची छोटी कडी दिलेली नाही. मी भरलेला पॅन उचलणेच सोडून दिले आहे. तो शेगडीवरच ठेवून वाढतो. मूठ पोकळ स्टीलची असल्याने गॅसवर अर्ध्या तासात तापते, तेव्हा फडके लागतेच. मनगट दुखत असेल किंवा घरातील वडीलधारी मंडळी स्वयंपाक करत असतील, तर दोन बाजूंना कड्या असलेला पॅन घेण्याचा सल्ला मी देईन.

घासण्याबद्दल माझ्या मनात सर्वांत जास्त शंका होती आणि तीच सर्वांत कमी खरी ठरली. खरवड सॉसमध्ये गेलेली असल्याने बूड जवळपास मोकळेच असते. कडेने सुकलेला स्टार्च राहतो, तो गरम पाण्यात दहा मिनिटे भिजला की मऊ घासणीने निघतो. तारेची घासणी लागत नाही. बुडावर येणारी निळसर-सोनेरी छटा आणि पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने जातात. एक चूक मात्र माझ्याकडून झाली आणि तिची खूण पॅनवर कायमची राहिली आहे. एकदा मी थंड पाण्यात मीठ टाकून ते तसेच तापत ठेवले. न विरघळलेले मीठ तळाशी बसले आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले. मीठ पाण्याला उकळी आल्यावरच घालावे आणि लगेच ढवळावे, ही साधी सूचना सोबतच्या माहितीपत्रकात असायला हवी होती. पत्रकात पाककृती चार आहेत, पण ही ओळ नाही.

त्याच पत्रकात वीस मिनिटांत जेवण तयार होईल असे लिहिले आहे, ते मला एकदाही साधलेले नाही. चिरणे आणि कोरडे करणे आठ मिनिटे, पॅन तापणे तीन, चिकन सात, कांदा-लसूण तीन, पास्ता तेरा-चौदा, शेवटची मिळवणी चार, असा माझा हिशेब चाळीस मिनिटांच्या जवळ जातो. चिरणे पॅन तापत असताना उरकले, तर पस्तीस. तीन माणसांना पोटभर पुरणाऱ्या जेवणासाठी आणि मागे एक पॅन, एक पाट, एक सुरी, एक ताटली एवढीच भांडी उरण्यासाठी हा वेळ मला रास्त वाटतो. उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट होतो, पण त्याच पॅनमध्ये अर्धी वाटी दूध घालून मंद आचेवर ढवळला की सॉस पुन्हा मिळून येतो.

एकट्यासाठी किंवा दोघांसाठी स्वयंपाक करणाऱ्यांना हा पॅन मोठा पडेल. थोडा सॉस एवढ्या रुंदीत पसरून लगेच आटतो, तेव्हा त्यांनी याच बांधणीचा २४ सेंटीमीटरचा, पण सरळ कडांचाच पॅन पाहावा. तीन-चार माणसांच्या घरात, जिथे असे जेवण दर आठवड्याला होते, तिथे मी हा २८ सेंटीमीटरचा पॅन निःशंकपणे सुचवेन. पाचपैकी चार गुण देतो. पाचवा गुण झाकणाने आणि नसलेल्या कडीने घालवला. दुकानात घेताना झाकण पॅनवर ठेवून काठाभोवती बोट फिरवून पाहा आणि रिकामा पॅन एका हाताने मुठीला धरून अर्धे मिनिट उचलून पाहा. माझ्याकडून या दोन्ही गोष्टी राहून गेल्या.